घर स्वतः बांधताय? जीएसटी परत मिळेल या आशेवर राहू नका, आणि या चुका टाळा

आमचा स्लॅब पडला त्याच आठवड्यात लेस्टरहून मावसभावाचा फोन आला. (स्लॅब पडला म्हणजे टाकला. आमच्याकडं दोन्हीला एकच शब्द, ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं.) त्यानं तिकडं स्वतः घर बांधलं आणि साहित्यावर भरलेला व्हॅट (तिकडचा जीएसटीच म्हणा) सरकारकडून परत घेतला. ब्रिटनमध्ये तशी सोयच आहे. स्वतःला राहायला नवं घर बांधणाऱ्यानं काम पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत बिलांसकट अर्ज करायचा, की साहित्यावरचा व्हॅट परत. मी तडक पत्र्याची पेटी उघडली. सिमेंट, आसारी (लोखंडी गज), फरशी, पाइप, सगळ्या बिलांवरचा जीएसटी जोडला, तर आकडा लाखाच्या वर गेला. रात्री बायकोला म्हटलं, वरच्या खोलीची फरशी यातच निघते.

दुसऱ्या दिवशी लातूरला कर सल्लागारानं चहा मागवला आणि एवढंच विचारलं, "सर, तुमचा जीएसटी नंबर काय?" मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. माझा कुठला नंबर?

मेव्हण्याच्या दुकानावर बिलं फाडणं

आपल्याकडं जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर स्वतः भरायच्या करातून वळता करणं, मिळतं ते नोंदणी असलेल्या व्यावसायिकाला, तेही धंद्यासाठी घेतलेल्या मालावर. घर बांधणारा म्हणजे शेवटचं गिऱ्हाईक, साखळी त्याच्यापाशी संपते. मग कुणीतरी शहाणा सुचवतो, मेव्हण्याचं दुकान आहे, त्याच्या नंबरवर बिलं करू. करू नका. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नं स्वतःसाठी बांधलेल्या इमारतीवरचं क्रेडिट नोंदणी असलेल्यालाही बंद केलंय. पकडलं गेलं की ते व्याजासकट मेव्हणा भरतो आणि पुढच्या दिवाळीला तुमच्याकडं कुणी येत नाही.

भरायचाच आहे तर निदान योग्य दरानं भरा. सिमेंटवर आधी २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के आहे. लोखंडावरही १८.

खरी बचत आहे ती मजुरीत, आणि ती फार जणांना माहीत नसते. एकट्या राहत्या घराच्या नव्या बांधकामाचं काम निव्वळ लेबर रेटनं दिलं, माल सगळा तुमचा, तर त्या मजुरीवर जीएसटी माफ आहे. तेच काम नोंदणी असलेल्या ठेकेदाराला मटेरियलसहित दिलं, तर पूर्ण रकमेवर १८ टक्के लागतात. मजुरीवरसुद्धा. माझा एक सहकारी मटेरियलसहित ठेक्यात अडकला आणि बिल बघून चार दिवस बोलला नाही. अर्थात लेबर रेटनं काम दिलं की माल आणायची, मोजायची आणि राखायची जबाबदारी तुमच्या गळ्यात येते. त्याविषयी पुढं.

"बिल नको म्हणा, अठरा टक्के वाचतील"

हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकू येतं. क्रेडिट मिळतच नाही, तर पक्कं बिल कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण उद्या घर विकायची वेळ आली तर नफा काढताना बांधकामाचा खर्च वजा होतो, आणि तो पुराव्यावरच होतो. बँक पुढचा हप्ता सोडताना कागद मागू शकते. मोटर जळाली, गिझर फुटला, तर वॉरंटीला बिल लागतं. एखादा प्लॉट विकून त्या पैशात घर बांधणाऱ्याला तर गत्यंतरच नाही. कलम ५४एफ खाली त्या नफ्यावरचा कर वाचतो, पण घर तीन वर्षांत बांधून व्हावं लागतं, आणि रिटर्नच्या मुदतीपर्यंत न खर्चलेले पैसे बँकेच्या कॅपिटल गेन खात्यात ठेवावे लागतात. बचत खात्यात ठेवून चालत नाही. इथं बरेच जण फसतात.

(१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी २०२५ चा आयकर कायदा आला आणि कलमांचे आकडे बदलले. मी जुनेच आकडे सांगतोय, कारण बँकेत आणि सल्लागाराकडं अजून तेच बोलले जातात.)

काळ्या रानात तीन फुटांवर थांबणं

आमची काळी माती कापसाला, सोयाबीनला सोनं, घराला वैरी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया त्या मातीतच थांबवला, तर पहिल्याच उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. खड्डा मुरूम किंवा खडक लागेपर्यंत न्यायचा, मग तो पाच फुटांवर लागो की नऊ. निघालेली काळी माती परत जोत्यात भरायची नाही. पैसे वाचतात म्हणून गवंडी ती भरतो, आणि दोन वर्षांनी फरशी उठते. भरावाला मुरूम आणा, थरावर थर चोपून घ्या.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचं (मातीच्या धाब्याचं) ओझं यांनी माणसं गाडली गेली. आता सगळे कॉलम घेतात आणि निवांत होतात. पण कॉलमच्या उभ्या गजांभोवतीच्या रिंगची टोकं बघितली का? ती काटकोनात वाकवून सोडलेली असतात, धक्क्याला उघडतात. टोक १३५ अंशात, आत काँक्रीटमध्ये घुसलेलं हवं. माझ्या फिटरला हे सांगितलं तर म्हणाला, "सर, तुम्ही शाळा शिकवा, आम्ही लोखंड वाकवतो." दोन दिवस उन्हात उभं राहून वाकवून घेतलं.

लोखंड वजनावर घेता, तर काट्यावर विश्वास ठेवू नका. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, हे एका मीटरचं किलोतलं वजन. १२ मिलिमीटरची गज ०.८९ किलो, म्हणजे १२ मीटरची एक नग साधारण साडेदहा किलोच्या वर. नग मोजा, गुणा, पावतीशी ताळा करा. गणिताचा मास्तर आहे म्हणून नव्हे, माझ्या पहिल्याच गाडीत फरक निघाला होता म्हणून सांगतो.

आता पाणी. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं लोक एप्रिल-मे मध्ये स्लॅब टाकतात, कारण सुट्ट्या असतात आणि मजूर मोकळे असतात. मग टँकरच्या पैशाला जीव जातो आणि क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) तीन दिवसांत संपतं. बाजारात बहुतेक पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट मिळतं, त्याला निदान दहा दिवस ओल लागते. गच्चीवर सिमेंटचे छोटे बांध घालून वाफे करा, पाणी साचवून ठेवा. कॉलमला बारदाना गुंडाळा, तो ओला राहतो आणि पाणी निम्म्यात भागतं. जमलंच तर स्लॅब दिवाळीनंतर घ्या.

उलटी चूकही असते. माल पातळ केला की घमेल्यातून सरसर पडतो आणि मजुराला बरं वाटतं. पन्नास किलोच्या पोत्याला २५ ते २७ लिटर पाणी पुरे. मी बादलीवर खडूनं रेघ मारून ठेवली होती. आमचे गवंडी मामा वैतागले, पण रेघ पाळली.

सेंटरिंग (स्लॅबखालच्या फळ्या आणि टेकू) काढायची घाई सेंटरिंगवाल्याला असते, त्याला दुसरीकडं भाडं मिळतं. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबच्या टेकूंना सात दिवस, त्याहून मोठ्याला चौदा, आणि बीमला चौदा ते एकवीस दिवस हा साधा हिशेब धरा. पीपीसीला आणखी थोडे दिवस राहू द्या. रंग स्वतः द्या, खुशाल द्या, पैसे वाचतात. गिलावा वाळायच्या आधी मात्र नको, पोपडे येतात. वायरिंग स्वतः करू नका.

पाच वर्षं सरली की वजावट तीस हजारांवर

आमच्याकडं घर टप्प्याटप्प्यानं होतं. सोयाबीन विकलं की भिंती, ऊस गेला की स्लॅब, मधे पाऊस दगा देतो आणि काम वर्षभर उघडं राहतं. कर्ज काढलेलं असेल तर या सवयीचा थेट फटका बसतो. राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजावर कलम २४(बी) खाली वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते. पण कर्ज घेतलं त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांत घर पूर्ण झालं तरच. नाही झालं तर मर्यादा तीस हजार. म्हणून वरचा मजला राहू द्या, खालचा पूर्ण करा, आणि पूर्णत्वाचा दाखला घ्या. वास्तुशांतीची पत्रिका पुरावा म्हणून चालत नाही. मला वाटलं होतं चालेल.

बांधकाम चालू असताना भरलेलं व्याज वाया जात नाही, हे मला बँकेनं सांगितलं नाही. त्यांनी फक्त त्या वर्षाचं प्रमाणपत्र दिलं आणि मी तेवढंच लावलं. घर पूर्ण झालं त्याच्या आधीच्या ३१ मार्चपर्यंतचं सगळं व्याज पाच समान भागांत, पूर्ण झालेल्या वर्षापासून मिळतं. समजा ते अडीच लाख झालं, तर दरवर्षी पन्नास हजार. चालू वर्षाचं व्याज एक लाख चाळीस हजार असेल, तर एकूण एक लाख नव्वद हजार, दोन लाखांच्या आत बसलं. प्रत्येक जुन्या वर्षाचं प्रमाणपत्र वेगळं मागून घ्या.

जागा वडिलांच्या नावावर आणि कर्ज मुलाच्या, हे तर घरोघरी. नुसता हप्ता भरतो म्हणून वजावट मिळत नाही, मालकी लागते. नमुना ८ वर (ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्यावर) नाव लावून घ्या, तेही काम सुरू व्हायच्या आधी. नंतर भाऊबंदकी जागी होते. नवरा-बायको दोघं मालक आणि दोघं कर्जदार असले, तर दोन लाखांची मर्यादा प्रत्येकाला स्वतंत्र मिळते.

आता हे सगळं कुणाला लागू, ते आधी बघा. ही दोन लाखांची वजावट आणि कर्जाच्या मुद्दलावरची कलम ८०सी ची वजावट, दोन्ही फक्त जुन्या करपद्धतीत मिळतात. नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून पगार पावणेतेरा लाखांपर्यंत असेल तर कर तसाही शून्य होतो. त्याखालच्या माणसानं व्याजाच्या कागदांमागं धावू नये. त्यावरच्यानं दोन्ही हिशेब मांडावेत. जुनी पद्धत निवडायची, तर रिटर्न मुदतीत भरावं लागतं. उशीर झाला की नवीच.

एक वाट नव्या पद्धतीतही उघडी आहे. लातूरमध्ये निम्मी घरं वर खोल्या काढून 'नीट' या डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांना देतात. भाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के सरसकट वजा होतात आणि त्या भागाच्या प्रमाणातलं व्याजही, भाड्याचं उत्पन्न शून्यावर येईपर्यंत. मात्र भाडं रिटर्नमध्ये दाखवलेलं हवं. रोख घेऊन वहीत लिहिणाऱ्याला यातलं काही नाही.

आयकराचा रिफंड अडकला तर

रिटर्न भरलं आणि तीस दिवसांत ई-व्हेरिफाय (ओटीपीनं पडताळणी) केलं नाही, तर पुढं ज्या दिवशी व्हेरिफाय कराल तीच भरल्याची तारीख धरली जाते आणि मुदत चुकू शकते. माझ्या ओळखीत ही चूक सर्वाधिक, कारण ओटीपी जुन्या मोबाइलवर जातो. दुसरं म्हणजे बँक खातं आयकराच्या पोर्टलवर व्हॅलिडेट (पडताळलेलं) नसतं. पॅनवर 'शिवाजीराव' आणि पासबुकावर 'शिवाजी' असलं की तेवढ्यावर पैसे अडतात. आधी नाव जुळवून घ्या, खातं व्हॅलिडेट करा, मग पोर्टलवरूनच रिफंड पुन्हा मागा.

आणि 'रिफंड काढून देतो, वीस टक्के माझे' म्हणणारा भेटला तर त्याला पासवर्ड देऊ नका. गृहकर्जाचा खोटा आकडा टाकून तो पैसे आणतोही. पण आता रिटर्नमध्ये कर्ज देणाऱ्याचं नाव, खातं क्रमांक आणि तारीख लिहावी लागते. चुकीची माहिती दिल्याचा दंड बुडवलेल्या कराच्या दुप्पट असतो, आणि नोटीस येते ती तुमच्या नावानं. तोवर त्याचा फोन बंद झालेला असतो.