ताण मनाला नव्हे, अंगाला विचारा

दातांच्या डॉक्टरांनी आरशात माझ्याच दाढा मला दाखवल्या. कडा घासून सपाट झालेल्या. "रात्री दात खाता का?" त्यांनी विचारलं. यजमान कितीतरी दिवस सांगत होते, झोपेत करकर आवाज येतो म्हणून. आम्ही जंताचं औषध घेऊन मोकळे झालो होतो.

23 वर्षं मी बँकेत कॅश काउंटरवर आहे. डोंबिवलीहून रोजची लोकल. दात खाण्यामागे ताण असू शकतो, हे तेव्हा कळलं. त्याआधी ताण आहे का, असं कुणी विचारलं असतं तर "छे, मला कसला ताण" असंच म्हणाले असते. म्हणून सांगते, मनाला विचारू नका. ते सवयीने "बरं आहे" म्हणतं.

दिवसातून तीनदा, ठरलेल्या वेळी अंग तपासा. तोंड मिटलेलं असताना ओठ जुळलेले, पण दात सुटे हवेत. दाढा एकमेकींवर दाबलेल्या आहेत का? जिभेच्या कडेला दातांचे वण आहेत? खांदे कानांकडे चढलेत? पोटात गोळा, आंबट ढेकर? कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहितो त्याच चौकटीत "दा", "खां", "पो" एवढंच आणि वेळ लिहा. दोन आठवडे तरी.

मला वाटायचं, माझा सगळा ताण गाडीतल्या गर्दीचा. चौकटींत मात्र "दा" बहुतेक दिवशी 4 ते 5 मध्येच. कॅश टॅली करायची वेळ! एक 500 ची नोट कमी आली तर खिशातून भरायची असते. त्या तासाला मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथी अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल सोडतात, नाडी आणि रक्तदाब चढतो, यकृत रक्तात साखर सोडतं, पचन मंदावतं. सगळी तयारी पळण्याची, आणि मी खुर्चीत बसून नोटा मोजतेय. रोजच असं झालं की झोप, पोट, रक्तदाब सगळ्यांवर परिणाम होतो.

तुमचा तास सापडला की त्याच्या आधी दोन मिनिटं काढा. जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकवा, जबडा आपोआप सैल पडतो. चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर. मनगटावर बोट ठेवून बघा, श्वास सोडताना नाडी किंचित सावकाश होते. मी चारचा चहाही सोडला, कारण चहातलं कॅफिन कित्येक तास अंगात राहतं.

रक्तदाब घरी मोजताना घाई नको. आधी अर्धा तास चहा नको, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीत, बोलणं बंद. घरचे आकडे वारंवार 135/85 किंवा वर आले तर ते लिहिलेली वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

आणि छातीत दाब, हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, असं झालं तर "ताणच असेल" म्हणत एक मिनिटही घालवू नका, 108 ला फोन करा. मन फारच खचलं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर विनामूल्य आहे, मराठीत बोलता येतं.

आता माझ्या चौकटींत काही दिवशी नुसतं "दूध दीड" असतं. डॉक्टरांनी दिलेला नाइट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर बसवायचं कव्हर, मात्र अजून रोज लावते.