महिनाभर समुद्रावर राहायचं तर कूलर नागपुरातच ठेवा

भाच्याची कॅम्पर व्हॅन, म्हणजे आतच झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी, मिळाली म्हणून आम्ही दोघं मार्चमध्ये मालवणजवळच्या एका नारळीच्या वाडीत महिनाभर राहिलो. यवतमाळ, नांदेड, तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर आणि मग फोंडा घाट. वाटेत दोन मुक्काम धरा, एका दमात जायचा हट्ट नको.

यांनी हौसेने छोटा कूलर गाडीत टाकला होता. आपल्याकडची कोरडी हवा पाणी शोषते, म्हणून कूलरचा वारा गार लागतो. तिथली हवा आधीच ओली, अंगाला नुसता चिकचिकाट. साधा पंखा न्या आणि खिडक्यांना जाळी लावा. घरच्या कुरडया दोन दिवसांत मऊ पडल्या, मीठ भिजलं. घट्ट झाकणाचे डबे घ्या, मिठात तांदळाचे दाणे टाका. खाऱ्या वाऱ्याने गाडीचा पत्रा गंजतो, तेव्हा आठवड्यातून एकदा खालून गोड्या पाण्याने धुवा.

गाडी वाळूत नेऊ नका. नारळाखालीही लावू नका, कारण सांगायला नको. कडक जमीन बघा. तव्यावरचं तेल एका कडेला पळालं तर चाकाखाली फळी सरकवा.

आता आराम. पहिले चार दिवस आम्ही किल्ला, संगम, देऊळ करत पळालो आणि दमलो. नंतर फिरणं समुद्रावर सोपवलं. ठोकळमानाने तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्याच्या सहा तास मागेपुढे ओहोटी. तेव्हा ओली, टणक वाळू मिळते, गुडघे कुरकुरत नाहीत. दुपारी झोपा.

खाण्यात माझी फजिती झाली. पहिल्या बांगड्याला मी सावजी मसाला लावला. "हे काय करून राहिली तू?" म्हणत यांनी ताट सरकवलं. मासा कुठे गेला तेच कळेना! मग वाडीतल्या काकूंनी तिखलं शिकवलं. लाल मिरची, धने, हळद आणि थोडं ओलं खोबरं गंधासारखं वाटायचं. त्यात पाणी, मीठ, पाच-सहा आमसुलं. आठ-दहा तिरफळं (कोकणातली उग्र वासाची मसाल्याची फळं) ठेचून, काळ्या बिया काढून टाकायची. उकळी आली की बांगड्याचे तुकडे सोडून सात-आठ मिनिटं. चमचा घालायचा नाही, भांडं दोन्ही हातांनी धरून हलवायचं. सोबत उकड्या तांदळाचा भात. मासा घेताना कल्ले लाल, डोळे स्वच्छ, अंग ताठ हवं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्या दिवसांत जाऊ नका.

मासे न खाणाऱ्यांनी मार्चच सोडू नये: ओल्या काजूची उसळ. शिवाय काळ्या वाटाण्याची आमटी-आंबोळी, कुळथाची पिठी. सोलकढी मात्र गरम करू नका, फाटते.

बाजारात सांभार मागू नका. मी मागितला तर दुकानदाराने मसाल्याचं पाकीट पुढे केलं. तिथे कोथिंबीर म्हणायचं, बाप्पा!

येताना तिरफळं आणा, पण वेगळ्या डब्यात. मी चहापत्तीशेजारी ठेवली. आमच्या चहाला अजून बांगड्याची आठवण येते.