नकाशात हात घालण्याआधी

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीला दोन फाटकं आहेत. मागचं, गल्लीत उघडणारं, बारा महिने कुलूपबंद असतं. त्याची किल्ली कोणाकडे आहे याचं वार्षिक सभेत दर वर्षी वेगळं उत्तर मिळतं. आणि जेवण घेऊन येणारा प्रत्येक मुलगा नेमका त्याच फाटकासमोर उभा राहून फोन करायचा, “मॅडम, मी लोकेशनवर आहे, तुम्ही कुठे आहात?” त्याच्या नकाशात रस्ता सरळ आत येत होता, कुलूप कुठेच नव्हतं. एका पावसाळ्यात असे इतके फोन घेतले की एका रात्री बसून मी नकाशाच दुरुस्त केला. फोन यायचे थांबले नाहीत. मी दुरुस्त केला होता एक नकाशा आणि मुलं येत होती दुसऱ्याच नकाशावरून.

म्हणून नकाशा दुरुस्त करायच्या तयारीतली पहिली गोष्ट हीच, की काम कोणत्या नकाशावर करायचं ते आधी ठरवा. गूगल मॅप्सवर तुम्ही बदल सुचवता, तो घ्यायचा की नाही ते कंपनी बघते. त्यांची मॅप मेकर नावाची सोय होती, लोक तिथे रस्तेच्या रस्ते काढत बसायचे. २०१७ मध्ये ती बंद झाली. वेझ हे रस्ता दाखवणारं ॲप २०१३ पासून गूगलच्याच मालकीचं आहे. तिथला नकाशा स्वयंसेवक संपादक सांभाळतात, पण एक ते सहा अशा पायऱ्या आहेत. नवख्याला पहिली पायरी मिळते, आणि साधारणपणे ॲप लावून जिथे गाडी चालवली असेल त्याच्या आसपासच हात लावता येतो. रिक्षा आणि टीएमटीच्या बसने फिरणाऱ्या माझ्यासारखीचं तिथे फार जमत नाही. मी धरला तो ओपनस्ट्रीटमॅप. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी तो सुरू केला. त्यातली माहिती कोणीही फुकट वापरू शकतं, आणि ओस्मअँड, ऑर्गॅनिक मॅप्स यांसारखी रस्ता दाखवणारी ॲप त्याच माहितीवर चालतात. पुढचं सगळं त्याच्याबद्दल आहे.

खातं उघडायला एक ईमेल पुरतो. फक्त नाव घेताना आडनावासकट खरं नाव देऊ नका. तुमचा प्रत्येक बदल तारीख-वेळेसकट सगळ्यांना दिसतो, आणि नवा माणूस सुरुवात स्वतःच्या घराच्या आजूबाजूनेच करतो. चार महिन्यांचे बदल कोणी एकत्र पाहिले तर तुमची इमारत सहज ओळखता येईल.

आता संगणक बंद करा आणि चपला घाला. माझ्या मते या कामातला निम्म्याहून अधिक भाग पायी होतो, आणि घरी बसून केलेला नकाशा लगेच ओळखू येतो: दिसायला सुबक, वापरायला निरुपयोगी. पहिल्या फेरीसाठी आपल्याच वॉर्डातला एखादा किलोमीटर घ्या. नौपाड्याच्या, चरईच्या जुन्या गल्ल्या त्यासाठी उत्तम, कारण छोट्या जागेत सगळं सापडतं. रविवारी सकाळी सातला निघा. नंतर दुचाक्यांच्या रांगा लागल्या की फलक दिसत नाहीत. बरोबर वही, दोन पेनं (एक नेहमी दगा देतं), चार्ज केलेली पॉवरबँक आणि जून ते सप्टेंबर छत्री. फोनवर ओस्मअँड किंवा तत्सम ॲपमध्ये चाललेला मार्ग नोंदवायला लावा. वहीत लिहायचं ते एवढं: एकेरी वाहतुकीची पाटी कोणत्या टोकाला आहे, बाण कुठे तोंड करून आहे, उजवीकडे वळायला मनाई आहे का, उंचीची कमान असेल तर त्यावरचा आकडा, फाटक आहे का आणि ते उघडं असतं का. सम-विषम तारखांच्या पार्किंगचे फलक मीही हौसेने उतरवून घेत होते. रस्ता दाखवण्याशी त्यांचा काही संबंध नाही, पहिल्या महिन्यात सोडून द्या.

हात वहीत असताना डोकं रस्त्यावर ठेवा. स्वतः गाडी चालवताना नोंदी नाहीत, एवढा एक नियम मी कोणालाच वाकवू देत नाही. दुचाकीवर मागे बसून फोनमध्ये बोलून ठेवता येतं: “पेट्रोल पंपानंतर पहिला कट, यू-टर्न आहे, ट्रकला नाही.” आणि वॉचमन विचारणारच. “मॅडम, काय लिहिताय? बिल्डरकडून आलात का?” ठाण्यात कोणी गल्लीत उभं राहून टिपणं काढायला लागलं की लोकांना पहिली आठवण पुनर्विकासाची होते. मी सरळ सांगते की मोबाइलच्या नकाशात गल्ली चुकीची आहे ती बरोबर करतेय, आणि मग बहुतेक वेळा तोच चार चुका दाखवतो. संरक्षण खात्याच्या हद्दीजवळ मात्र फोटो नाहीत, नोंदी नाहीत, थांबणंही नाही. ओळखपत्र खिशात असू द्या.

संगणकावर बसायचा कंटाळा असेल तर अँड्रॉइड फोनवर स्ट्रीटकम्प्लीट हे ॲप घ्या. उभे असाल तिथलेच प्रश्न ते विचारतं: हा रस्ता डांबरी की पेव्हर ब्लॉकचा, या बसथांब्याला शेड आहे का. तुम्ही उत्तर द्यायचं, बाकीचं ते भरतं. माझ्या सासूबाईंनी तलावपाळीला दोन फेऱ्यांत वीसेक उत्तरं दिली आणि “यात काय विशेष” म्हणाल्या. आयफोनवाल्यांना एव्हरी डोअर आहे, दुकानं आणि दवाखाने भरायला ते जास्त सोयीचं.

आता कशावरून काढायचं, ते. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं, स्वतः काढलेल्या फोटोतलं, आणि संपादकाच्या (म्हणजे नकाशा काढायच्या प्रोग्रामच्या) खिडकीत मागे दिसणारी बिंग, एसरी यांची उपग्रहचित्रं, कारण त्यावरून रेषा काढायला त्यांनी परवानगी दिलेली आहे. गूगल मॅप्स शेजारच्या खिडकीत उघडून नावं उतरवून घेणं चालत नाही. बिल्डरच्या जाहिरातीतला नकाशाही नाही. त्यात स्टेशन कायम पाच मिनिटांवर असतं, म्हणून तर मुळीच नाही. उपग्रहचित्र एकदा तपासून घ्या, कारण ते जागेवरून काही मीटर सरकलेलं असू शकतं. येऊरच्या डोंगरउताराकडे हा फरक सपाट भागापेक्षा जास्त दिसतो. तुम्ही चालून नोंदवलेल्या मार्गाची रेषा वर टाकली की कळतं, आणि तेवढं चित्र सरकवून घेता येतं.

ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या संपादकाचं नाव आयडी. त्यात सुरुवातीला एक सराव आहे, तो अर्ध्या तासात होतो. तो टाळू नका. मी टाळला होता. शब्द फार नाहीत. नोड म्हणजे बिंदू, वे म्हणजे बिंदू जोडून झालेली रेषा, रिलेशन म्हणजे अशा गोष्टींमधलं नातं, आणि टॅग म्हणजे प्रत्येकाला लावलेली चिठ्ठी: हा रहिवासी रस्ता, ही पायवाट, हे फाटक. जेओएसएम नावाचा भारदस्त संपादकही आहे, जुनीजाणती मंडळी त्याच्याशिवाय बोलत नाहीत. तुम्हाला पहिलं वर्षभर त्याची गरज नाही.

खरी गोम जोडण्यांत आहे. रस्ता सांगणाऱ्या यंत्राला चित्र दिसत नाही, त्याला फक्त कोणती रेषा कोणत्या बिंदूवर कोणाला जोडलेली आहे ते समजतं. दोन गल्ल्या पडद्यावर एकमेकींना चिकटलेल्या दिसतात, पण मध्ये सामाईक बिंदू नसेल तर यंत्राच्या लेखी तिथे भिंत आहे, आणि ते तुम्हाला पूर्ण वळसा घालून पाठवतं. उलट जिथे जोड नको तिथे जोडलं तर काय होतं ते मी करून पाहिलं आहे. घोडबंदर रोडवर कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ असे उड्डाणपूल आहेत आणि खाली चौक. माझ्या पहिल्याच आठवड्यात मानपाड्याला मला पुलाची आणि खालच्या रस्त्याची रेषा एकमेकींना छेदताना दिसली. “अरे, इथे जोडायचं राहिलंय,” म्हणून मी मोठ्या समाधानाने बिंदू टाकला. दोन दिवसांनी एका अनोळखी संपादकाचा निरोप आला: तुमच्या पुलावरून गाड्या खाली उड्या मारताहेत. यंत्र लोकांना पुलाच्या मध्यावर डावीकडे वळायला सांगत होतं.

तेव्हा पुलाची रेषा खालच्या कशालाही शिवत नाही. पूल जिथे सुरू होतो आणि जिथे उतरतो तिथे रेषा तोडायची, मधल्या तुकड्याला पूल असल्याचा टॅग आणि वरची पातळी द्यायची. सर्व्हिस रोड वेगळा काढायचा, कारण मुख्य रस्त्यावरून त्यावर कुठेही उतरता येत नाही, ठरावीक ठिकाणीच येतं. ती ठिकाणं चुकली की रिक्षावाला तुम्हाला पुढच्या पुलापर्यंत नेतो. मध्ये दुभाजक असेल तर दोन दिशांच्या दोन रेषा, आणि कट असेल तिथेच दोहोंना जोडणारी छोटी रेषा. कट बंद झाला असेल तर ती रेषा काढून टाकायची, आणि हे सारखं तपासावं लागतं, कारण कट एका रात्रीत बंद होतात. फोनचा जीपीएस तुम्ही पुलावर आहात की खाली, हे खात्रीने सांगू शकत नाही. नकाशातली पुलाची मांडणी नेटकी असेल तरच ॲपला अंदाज बांधता येतो.

एकेरी रस्त्याची दिशा रेषा ज्या दिशेने काढली तीच धरली जाते. उलटी पडली असेल तर आयडीमध्ये इंग्रजी व्ही दाबला की रेषा फिरते. वळणबंदीसाठी चौकातला बिंदू निवडला की कुठून कुठे जाता येतं ते बाणांनी दिसतं, नको तो बाण बंद करायचा. फाटक हा रस्त्याच्या रेषेवरचाच बिंदू असला पाहिजे. तो रेषेच्या शेजारी टाकला तर चित्रात दिसतो, पण यंत्र त्याच्या अंगावरून निघून जातं. सोसायटीच्या आतल्या रस्त्यांना खासगी प्रवेशाचा टॅग द्या, नाहीतर वाहतूक तुमच्या बागेतून जवळचा रस्ता शोधेल.

नावांवर भांडणं होतात, तयारीत राहा. मराठी नावासाठी वेगळी जागा आहे, ती रिकामी ठेवू नका. पाटीवर जसं लिहिलंय तसं, ऱ्हस्व-दीर्घासकट. नकाशात मासुंदा तलाव लिहिलेलं असलं तरी ठाणेकर तलावपाळीच शोधणार, म्हणून प्रचलित नावाचा रकाना भरा. नितीन कंपनी, कॅडबरी, कॅसल मिल ही नावं पत्त्यात नसली तरी रिक्षात बसल्यावर तीच सांगावी लागतात. नवी मुंबईत नातेवाईक असतील तर तिकडची अडचण वेगळी. सेक्टर १७ वाशीतही आहे आणि इतर नोडमध्येही (तिकडे नोड म्हणजे बिंदू नव्हे, वाशीसारखा शहराचा भाग), त्यामुळे नोडचं नाव नसलेला सेक्टर म्हणजे अर्धवट पत्ता.

आता काय करायचं नाही. ठाणे स्टेशनबाहेरचा सॅटिस पूल आणि माजिवडा नाका हे दोन गुंते पहिल्या सहा महिन्यांत उघडूसुद्धा नका. एकीकडे वरून बस, खालून रिक्षा आणि मधून पादचारी; दुसरीकडे पूर्व द्रुतगती महामार्ग, नाशिकचा रस्ता आणि घोडबंदर रोड पुलांच्या फांद्यांनी एकमेकांत गुंतलेले. गणपतीचा मंडप, दहीहंडी, पाडव्याची स्वागतयात्रा यासाठी बंद झालेला रस्ता नकाशात बंद करायचा नाही. मेट्रोच्या कामाचं वळण कित्येक महिने राहणार असेल तर ठीक, पण मग ते उठलं की परत बदलायची जबाबदारी तुमची. येऊरमध्ये वनखात्याच्या फाटकापलीकडे पायवाटा दिसतात, त्या रस्ता म्हणून काढू नका, कोणीतरी अंधारात त्यांवरून निघेल. आणि पुसण्याची घाई नको. आधीच्या माणसाने काहीतरी पाहून ते काढलं असण्याची शक्यता धरून चला, बदलांच्या इतिहासात त्याने काय लिहिलंय ते वाचा.

जतन करताना एक ओळ लिहावी लागते. “दुरुस्ती” असं लिहू नका. “नौपाडा: दोन गल्ल्यांची एकेरी दिशा फलक पाहून बदलली” असं लिहा. थोडं काढा, लगेच जतन करा. ठाण्यातली गल्ली आणि गावाकडची विहीर एकाच खेपेत जतन केली तर बदलाची चौकट अर्ध्या महाराष्ट्राएवढी होते आणि मधल्या सगळ्या संपादकांना ती दिसत राहते. बदल थेट लागू होतो, आधी कोणी तपासत नाही. म्हणून नंतर कोणी प्रश्न विचारला तर रागावू नका, उत्तर द्या. उड्या मारणाऱ्या गाड्यांचा निरोप पाठवणाऱ्यालाच मी आजही अवघड चौक विचारते.

संकेतस्थळावरचा नकाशा काही मिनिटांत बदलतो. ॲप मात्र आपापल्या वेळापत्रकाने माहिती घेतात, काही ॲप तर महिन्यातून एकदाच. तोवर संकेतस्थळावरच दिशा विचारून पाहता येतं, तेही लगेच नाही, एखादा दिवस जाऊ द्या. घरापासून स्टेशनपर्यंत आणि स्टेशनपासून घरापर्यंत असा दोन्ही बाजूंनी मार्ग मागा, एकेरी रस्त्यांच्या चुका परतीतच सापडतात.

ज्याची खात्री झाली नाही ते नकाशात जात नाही, वहीत प्रश्नचिन्हासकट राहतं. माझ्या वहीत सध्या अशा चार ओळी आहेत. एक आमच्याच मागच्या फाटकाची, कारण गेल्या आठवड्यात ते उघडं दिसलं. शनिवारी सकाळचा वॉचमन जुना आहे, त्याला विचारेन.