डेटा टेबलात की फाइलमध्ये? मी कसं ठरवते

डेटा कुठे ठेवायचा असं टीममध्ये कोणी विचारलं की मी साइझ नंतर विचारते. आधी दोन प्रश्न: ही माहिती एकाच वेळी दोघांकडून बदलली जाईल का? आणि तिच्या आतल्या गोष्टींवरून ती शोधावी लागेल का? एकाचंही उत्तर हो आलं तर डेटाबेस.

समजा, दुकानातल्या वस्तूच्या साठ्याचा आकडा जेसन फाइलमध्ये (साध्या मजकुरातली डेटा फाइल) आहे, १०. दोन रिक्वेस्ट एकदम आल्या. दोघींनी १० वाचला, दोघींनी ९ लिहिला. गेल्या दोन वस्तू, कमी झाली एक, आणि लॉगमध्ये एररचा मागमूस नाही. फाइल लॉक करता येते, म्हणजे एकीचं होईपर्यंत दुसरीला थांबवता येतं, पण मग लॉक, रोलबॅक (अर्धवट बदल मागे घेणं), क्रॅशनंतरची दुरुस्ती असं करत तुम्ही स्वतःच एक अर्धाकच्चा डेटाबेस लिहायला बसता. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये 'साठा = साठा - १' असं एकच अपडेट, सोबत 'साठा > ०' ही अट. रो (टेबलातली ओळ) लॉक करणं त्याचं काम.

वेगळा सर्व्हर सांभाळायचा कंटाळा असेल तर एसक्यूलाइट घ्या, हा एका फाइलमध्ये राहणारा डेटाबेस. लिहिणारा एका वेळी एकच, पण वॉल मोडमध्ये (बदल आधी वेगळ्या लॉग फाइलमध्ये लिहिले जातात) वाचणाऱ्यांचं अडत नाही. फक्त ती फाइल नेटवर्क ड्राइव्हवर नको. तिथे लॉकिंगचा भरवसा नसतो.

फोटो, पीडीएफ, व्हिडिओ मात्र फाइल म्हणूनच ठेवा. पोस्टग्रेसच्या बायनरी कॉलममध्ये १ जीबीपर्यंत मावतं, पण मावतं म्हणून कोंबायचं नसतं, बॅकअप फुगतो. अपवाद अगदी छोट्या थंबनेलचा: एसक्यूलाइटच्या स्वतःच्या चाचणीत १० केबीच्या आसपासचे ब्लॉब (डेटाबेसमध्ये ठेवलेला बायनरी डेटा) सुट्या फाइलींपेक्षा सुमारे ३५ टक्के वेगाने वाचले गेले.

टेबलात फाइलचं मूळ नाव, साइझ, हॅश (आतल्या मजकुरावरून काढलेला ठसा) आणि रिलेटिव्ह पाथ (ठरलेल्या फोल्डरपासूनचा पत्ता) ठेवा. पूर्ण यूआरएल दिसला की मी कोड रिव्ह्यूमधून परत पाठवते. डोमेन बदललं की सगळं टेबल दुरुस्त करत कोण बसणार? डिस्कवरचं नाव आपण बनवायचं, यूजरचं वापरायचं नाही.

खरी गंमत क्रमात आहे. फाइल तात्पुरत्या नावाने लिहा, एफसिंक करा (डिस्कवर खरोखर उतरू द्या), त्याच फाइलसिस्टिमवर रीनेम करा आणि मगच रो कमिट, म्हणजे पक्की, करा. डिलीट करताना आधी रो, मग फाइल. मध्येच सर्व्हर बसला तर फार तर एखादी बेवारस फाइल उरते, ती रात्रीचा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, काढून टाकेल (नुकत्याच आलेल्या फाइलींना त्याने हात लावू नये, त्यांची रो अजून कमिट व्हायची असेल). क्रम उलटा केलात तर रो जागेवर आणि फाइल गायब. बॅकअपही तसाच: आधी डेटाबेसचा डंप (पूर्ण नक्कल), मग फाइलींची कॉपी. कॉपी होईपर्यंत डिलीट आणि क्रॉन दोन्ही थांबवून ठेवा.