क्षेत्र बदलताय? जुनं कौशल्य नव्या नोकरीत नेताना या चुका टाळा

दादरच्या कापड दुकानात काउंटर सांभाळणारा मुलगा ऐरोलीच्या बीपीओत अर्ज करतो, तेव्हा बायोडेटात हमखास लिहितो: 'उत्तम संवादकौशल्य, मेहनती, टीममध्ये काम करण्याची आवड.' ही ओळ सगळ्यांच्याच अर्जात असते, त्यामुळे ती कोणी वाचत नाही. विशेषणं खोडा, काम लिहा. दिवाळीच्या गर्दीत एका वेळी किती गिऱ्हाइकं सांभाळलीत, माल बदलून मागणाऱ्याची तक्रार कशी मिटवलीत, रात्री रोख, कार्ड आणि यूपीआयचा गल्ला कसा जुळवलात. चिडलेल्या माणसाचं ऐकून घेणं आणि नोंद बिनचूक ठेवणं, बीपीओला नेमकं हेच हवं असतं. आकडे मात्र खरेच द्या, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न त्यांवरच येतो.

पगार मिळाला नाही म्हणून काम लपवणं, ही त्याहून मोठी चूक. गणेशोत्सव मंडळासाठी महापालिकेची मंडप परवानगी, पोलिस ठाण्याची आणि वाहतूक पोलिसांची ना हरकत आणताना जे फेरे मारले, ते समन्वयाचंच काम आहे. नुसतं 'मंडळाचा कार्यकर्ता' लिहून भागत नाही. 'परवानग्या मुदतीत आणल्या, वर्गणीच्या पावत्या आणि खर्चाची बिलं जुळवून हिशेब सभेत मांडला' असं लिहा. बचत गटाची नोंदवही सांभाळलेल्या ताईंनीही हेच करावं. (बॅनरवर फोटो होता, हे कौशल्यात धरत नाहीत.)

मुलाखतीत 'आम्ही केलं, आमच्या टीमनं केलं' एवढ्यावर थांबू नका. त्यातलं तुमच्या वाट्याला काय होतं, ते सांगा.

आता एक्सेल. बायोडेटात 'एक्सेल येतं' लिहिलेलं असतं आणि पहिल्याच आठवड्यात खाते क्रमांकांच्या सुरुवातीची शून्यं गायब होतात. सोळा आकडी क्रमांक टाकला, तर शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल संख्येचे पंधराच आकडे धरतं. नंतर फॉरमॅट बदलून तो आकडा परत येत नाही. म्हणून आधी कॉलम निवडून फॉरमॅट सेल्समध्ये 'टेक्स्ट' करा, मगच क्रमांक टाका.

तारखांचं दुखणं जरा लबाड असतं. कॉम्प्युटर अमेरिकन सेटिंगवर असेल, तर ०३/०४, म्हणजे आपली ३ एप्रिल, ४ मार्च होऊन बसते. १३ तारखेपासून पुढच्या तारखा मात्र बसतच नाहीत आणि नुसता मजकूर म्हणून राहतात. ओळखायची खूण सोपी: एकाच कॉलमात काही तारखा उजवीकडे, काही डावीकडे चिकटलेल्या दिसतात. अशा वेळी हातानं दुरुस्त करत बसू नका. मूळ फाइल पुन्हा घ्या, तारखांचा कॉलम आधी टेक्स्ट म्हणून आणा, मग 'टेक्स्ट टू कॉलम्स'च्या तिसऱ्या पायरीवर 'डेट' निवडून 'डीएमवाय' (म्हणजे दिवस, महिना, वर्ष हा क्रम) करा.

'हो, करतो' म्हणून गप्प बसणं ही दुकानातून आलेली सवय. तिथे शेठ समोर असतो, काम त्याला दिसतं. ऑफिसात तुमचं अर्धवट काम कोणालाच दिसत नाही. उशीर होणार हे कळताक्षणी कळवा, मुदत टळल्यावर नको. 'सर, थोडा वेळ लागेल' यातून समोरच्याला काहीच ठरवता येत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'चारपैकी तीन शाखांचे आकडे आलेत. ठाण्याचे साडेचारला येतील. शीट पाचऐवजी सहाला दिली तर चालेल का, की तीन शाखांची आधी पाठवू?' झालं किती, अडलं कुठे, नवी वेळ कोणती आणि पर्याय काय, हे चारही त्यात आलं.

पहिल्या महिन्यात 'आमच्याकडे असं करायचे' हे वाक्य गिळून टाका. पद्धत खटकली तर आधी कारण विचारा. एकच बिल दोघांनी तपासायचं, असल्या वेळखाऊ नियमामागे बऱ्याचदा ऑडिट असतं.