पॅचमधलं चॅनल, पेशीतलं चॅनल: मधुमेहाच्या संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

मधुमेहावर संशोधन करायचं म्हणून या विषयाकडे वळणाऱ्यांच्या डोक्यात इन्सुलिन असतं. सुरुवातीचे बरेच महिने मात्र पोटॅशियममध्ये जातात. मन त्या तयारीने या.

मूळ साखळी थोडक्यात सांगतो. रक्तातलं ग्लुकोज वाढलं की ते स्वादुपिंडातल्या बीटा पेशीत शिरतं, तिथे त्याचं विघटन होतं आणि एटीपी, म्हणजे पेशीत ऊर्जा पुरवणारा रेणू, वाढतं. पेशीपटलावर केएटीपी नावाची पोटॅशियम चॅनल, म्हणजे पोटॅशियमला वाट देणारी प्रथिनांची छिद्रं, असतात, ती एटीपीमुळे मिटतात. पोटॅशियमचं बाहेर जाणं थांबलं की उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास स्वस्थ असलेली पेशी चेतवली जाते, कॅल्शियमची चॅनल उघडतात आणि इन्सुलिन बाहेर सोडलं जातं. ग्लुकोजने मिटणारं हे चॅनल बीटा पेशीत १९८४ मध्ये फ्रान्सिस ॲशक्रॉफ्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. त्याच्या आदल्या वर्षी अकिनोरी नोमा यांना तसंच चॅनल हृदयाच्या स्नायूपेशीत सापडलं होतं.

एवढं कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळतं. खरी शिकवणी पॅच क्लॅम्पच्या टेबलाशी सुरू होते. पॅच क्लॅम्प म्हणजे काचेची बारीक नळी पेशीपटलाच्या तुकड्याला (पॅचला) चिकटवून चॅनलमधून जाणारा विद्युतप्रवाह मोजण्याची पद्धत. काचेच्या पिपेटचं टोक साधारण एक मायक्रॉनचं. द्रावणात उतरताना आतून हलका दाब ठेवायचा, पेशीला टेकलं की तो सोडायचा, मग हळूच ओढ द्यायची. विद्युतरोध गिगाओहममध्ये गेला की सील लागलं, म्हणजे काच आणि पटल घट्ट चिकटले. लागत नसेल तर दोष स्वतःच्या हातात शोधण्याआधी पिपेट त्याच दिवशी ओढलेली आहे का, द्रावण गाळलेलं आहे का आणि एन्झाइमने सुट्या केलेल्या पेशींना सावरायला वेळ मिळाला आहे का, हे बघा. सिग्नलमध्ये घरगुती विजेची ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण दिसली तर अर्थिंग तपासा. आणि पडद्यावर केएटीपीचा प्रवाह दिसला म्हणून ती बीटा पेशीच, असं समजू नका. रक्तातली साखर वाढवणारं ग्लुकॅगॉन सोडणाऱ्या, स्वादुपिंडातल्याच अल्फा पेशींतही हेच चॅनल असतं.

पटलाचा तुकडा पेशीपासून उचकटून एटीपी नसलेल्या द्रावणात धरला की चॅनल जोरात उघडतात आणि मग काही मिनिटांत आपोआप मंदावत जातात. याला आम्ही रनडाउन म्हणतो. नेमकं त्याच वेळी औषध सोडलेलं असेल तर त्या उताराचं श्रेय औषधाला देण्याचा मोह होतो. म्हणून औषध धुऊन काढून प्रवाह परत येतो का, हे प्रत्येक नोंदीत बघायचं. परत आला नाही तर ती नोंद बाजूला.

आता ज्या कोड्यामुळे मी या विषयात रमलो ते. मॅग्नेशियम नसलेल्या द्रावणात अशा सुट्या तुकड्यावर दहा-वीस मायक्रोमोलर एटीपी दिलं तरी निम्मी चॅनल मिटतात. पेशीत तर एटीपी काही मिलिमोलर, म्हणजे त्याच्या शेकडो पट! मग उपाशी बीटा पेशीतही चॅनल कायम मिटलेलीच असायला हवीत. तसं होत नाही, कारण चॅनल दोन प्रकारच्या प्रथिनांचं आहे. केआयआर ६.२ चे चार भाग छिद्र घडवतात आणि एटीपी तिथे बसून ते मिटवतं. भोवतीच्या एसयूआर १ च्या चार भागांवर मॅग्नेशियमसोबतचं एडीपी (एटीपी खर्च झाल्यावर उरणारा रेणू) बसतं आणि उघडण्याकडे ओढतं. शिवाय पेशीचा रोध इतका मोठा असतो की थोडी चॅनल उघडी राहिली तरी व्होल्टेज खाली धरून ठेवायला पुरतात, आणि शेवटची ती थोडी मिटली की पेशी पेटते. पॅचमधला आकडा पेशीवर जसाच्या तसा लावता येत नाही, ही गोष्ट मला व्याख्यानांपेक्षा या कोड्याने जास्त पटवली.

चॅनलच्या या दोन प्रथिनांमधल्या फरकावरच पुढे रुग्णांचे उपचार बदलले. अँड्र्यू हॅटर्सली, ॲना ग्लोइन, ॲशक्रॉफ्ट आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की जन्मानंतर पहिल्या काही महिन्यांतच मधुमेह झालेल्या काही बाळांमध्ये केआयआर ६.२ च्या जनुकात बदल असतो. त्यांची चॅनल एटीपीला दाद देत नाहीत, उघडीच राहतात. मधुमेहावरच्या सल्फोनिलयुरिया गोळ्या मात्र एसयूआर १ वर बसून चॅनल वेगळ्या मार्गाने मिटवतात, आणि ही औषधं १९५० च्या दशकापासून वापरात होती. २००६ च्या अभ्यासात अशा ४९ रुग्णांपैकी ४४ जणांचं इन्सुलिन बंद करता आलं. उरलेल्यांची चॅनल का ऐकत नव्हती, याचा सुगावाही पॅच क्लॅम्पवरच लागला: काही बदलांमुळे चॅनल औषधालाही जुमानत नाही.

उंदरावर शिकाल, तो सोयीचा आहे. पण उंदराच्या बीटा पेशीतली बहुतेक सोडियम चॅनल विश्रांतीच्या व्होल्टेजला निष्क्रिय असतात, माणसाच्या पेशीत ती विद्युतस्पंदात भाग घेतात. मानवी आयलेट, म्हणजे स्वादुपिंडातले बीटा आणि अल्फा पेशींचे पुंजके, मिळाले तर दात्याचं वय, वजन, मधुमेह होता का, हे पहिल्या दिवशीच वहीत उतरवा. दोन दात्यांच्या पेशींत इतका फरक असतो की नंतर ही माहिती नसेल तर आलेख वाचता येत नाही.

लॅब निवडताना उपकरणांची यादी कमी बघा. पहिल्या काही आठवड्यांत टेबलाशी तुमच्या शेजारी कोण बसणार, ते विचारा, आणि शक्य झालं तर आधी त्याच माणसाशी बोला.