थायरॉईडची गाठ निघालीय? ऑपरेशनआधी हे बघा

गळ्यात गाठ दिसली की आपल्या कोल्हापुरात एकतर लेप लावून वर्षभर गप्प बसतात, नाहीतर घाबरून थेट ऑपरेशनची तारीख घेतात. दोन्ही नको. शंभरात नव्वदच्या आसपास गाठी साध्याच असतात, पण ते तपासूनच ठरवायचं.

आरशासमोर मान जरा मागं करून पाण्याचा घोट घ्या, गिळताना गाठ वर सरकली तर बहुतेक थायरॉईडचीच.

मग टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर दोन दिवस आधी बंद ठेवा, रिपोर्ट चुकतो. टीएसएच कमी आली, म्हणजे बहुतेक हार्मोन जादा बनतंय, तर थायरॉईड स्कॅन, कारण जादा हार्मोन बनवणारी गाठ क्वचितच कॅन्सरची असते. सोनोग्राफी मात्र सगळ्यांनाच, आणि बाजूच्या लिम्फ नोड (मानेतल्या लसीका ग्रंथी) पण बघायला सांगा. रिपोर्टवर टायरॅड्स असतं, म्हणजे गाठ किती संशयाची दिसते त्याचा आकडा; ५ असेल तर १ सेंमीच्या गाठीपासून, ४ असेल तर १.५ पासून, ३ असेल तर २.५ पासून सुईची तपासणी (सुईनं गाठीतल्या पेशी काढून बघणं) करतात.

सुईचा रिपोर्ट बेथेस्डा नावाच्या १ ते ६ गटांत येतो. १ आला की लोक खूश होतात, पण त्याचा अर्थ नमुना पुरेसा आला नाही, सुई परत करायला लागते. २ साधी, ५-६ ला बहुतेक ऑपरेशन. ३-४ मध्ये खरी अडचण, साधी की कॅन्सरची हे पक्कं कळत नाही, तिथं घाई करू नका, परत सुई की अर्धी ग्रंथी काढायची हे सर्जनशी बसून बोला. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात सर्जरी आणि ईएनटी दोन्ही विभाग आहेत, दुसरं मत जरूर घ्या.

हर्निया, पित्ताशय अशा दुसऱ्याच ऑपरेशनच्या तपासणीत गाठ सापडली, टीएसएच नॉर्मल आणि श्वासाला त्रास नाही, तर ते ऑपरेशन सहसा थांबत नाही. थायरॉईडचं हार्मोन वाढलेलं असेल तर मात्र आधी गोळ्यांनी ताब्यात आणायचं, नाहीतर भुलीत हृदयावर ताण येतो. उताणं झोपल्यावर दम लागतो का हे भूलतज्ज्ञांना स्वतःहून सांगा, रक्त पातळ करायच्या गोळ्याही.

थायरॉईडचंच ऑपरेशन असेल तर आधी स्वरयंत्र दुर्बिणीनं बघून घ्या, कॅल्शियम पण. ऑपरेशननंतर गळा सुजून श्वास अडकला तर लगेच नर्सला हाक मारा, सकाळची वाट बघू नका. ओठाभोवती, बोटांना मुंग्या आल्या तर कॅल्शियम कमी झालंय, लगेच सांगा. थायरॉईडची गोळी चालू झाली तर उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-एक तास आधी, आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब.